ढगांनी झाकलेले ऋण

ढग पृथ्वीला थंड ठेवतात की उबदार, असे कोणी विचारले तर आपण काय उत्तर द्याल? दोन्ही उत्तरे खरी आहेत. समुद्रावर खालून पसरणारे दाट ढग सूर्यप्रकाश परत पाठवितात. उंचावरील विरळ हिमकणांचे ढग पृथ्वीची उष्णता अडवून धरतात. एकंदर हिशेबात आज ढग पृथ्वीला थंडच ठेवतात. परंतु पृथ्वी तापते तसतसे ढग बदलतात आणि त्या बदलाने तापमानवाढीत भरच पडते, असा निष्कर्ष हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात काढला.

ढगातील थेंबाला आकार घेण्यासाठी एखादा सूक्ष्म कण लागतो. (इब्री भाषेतील ‘शहाक’ ह्या शब्दाचे बारीक धूळ व ढग असे दोन्ही अर्थ होतात. भाषांतर करताना मला ह्याची मौज वाटते. त्यावरून प्राचीनांचे विज्ञान मात्र कोणी सिद्ध करू नये!) जहाजांच्या धुरातील गंधकामुळे असे कण निर्माण होत. त्यांच्या मार्गावरील ढग अधिक शुभ्र होत व उपग्रहांच्या चित्रांत त्या पांढऱ्या रेघा दिसत. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. बंदरांजवळ राहणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी ते आवश्यकच होते. पण रेघा कमी झाल्या आणि समुद्रावर थोडे अधिक ऊन पडू लागले.

मग हे सत्कृत्य चुकले काय? मला तसे वाटत नाही. ती शीतलता दुसऱ्यांच्या श्वासाच्या मोलाने विकत घेतलेली होती. चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करण्याचा युक्तिवाद पौलाने रोमकरांस लिहिताना धिक्कारला, तोच येथे निराळ्या वेषात येतो. शिवाय उष्णता गंधक काढल्याने निर्माण झाली नाही. झाकलेली होती ती उघडी पडली, एवढेच.

गंधकाऐवजी समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे तुषार उडवून ढग उजळावेत, ही कल्पना जॉन लॅथम ह्यांनी १९९० मध्ये मांडली. मीठ विषारी नाही, म्हणून वरील आक्षेप तिला लागू पडत नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात प्रवाळांच्या रक्षणासाठी तिचा लहानसा प्रयोगही झाला. प्रवाळांना काही उन्हाळे मिळवून देणे मी समजू शकतो. परंतु असे कण थोड्याच दिवसांत पावसाबरोबर खाली येतात, तर कर्बवायू शतकानुशतके हवेत राहतो. कोळसा व तेल जाळणे चालूच ठेवून ह्या तुषारांवर विसंबायचे, तर ते उडविण्याची सक्ती अशा पिढ्यांवर येईल, ज्यांची संमती घेणे आपणांस शक्यच नाही.