खुन्याचं कोणी ऐकत नाही

सकाळच्या प्रहरी खुन्याची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण या खुन्याची सकाळच त्याची खरी ओळख आहे. ब्रेट ईस्टन एलिस यांच्या ‘अमेरिकन सायको’चा निवेदक पॅट्रिक बेटमन हा वॉल स्ट्रीटवरचा गडगंज तरुण. उठल्यावर चेहऱ्याला काय काय चोपडतो, याची जंत्री तो पानंच्या पानं देतो. कोणाचा सूट कुठल्या कंपनीचा, टाय कुठला, बूट कुठले, हेही. आणि त्याच सपाट सुरात पुढे बाईच्या देहाची चिरफाड सांगतो.

१९९० साली सायमन अँड शुस्टरने ही कादंबरी ऐन छपाईच्या तोंडावर नाकारली. १९९१मध्ये व्हिंटेजने ती काढली, तेव्हा नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेनच्या लॉस एंजेलिस शाखेने बहिष्काराची हाक दिली. वाचल्यावर तो संताप अनाठायी वाटत नाही. ज्याला सगळं विकत घेता येतं, त्याला माणूसही वस्तूच दिसतो, हे एलिसचं म्हणणं पटतं. ते पटवायला एवढं रक्त लागत नाही. मी ती पानं सरळ उलटली.

अंगावर काटा आला तो दुसरीकडेच. ज्या फ्लॅटमध्ये प्रेतं टाकली म्हणून तो सांगतो, तिथे तो परत जातो. फ्लॅट लख्ख, जिकडेतिकडे फुलं. विकायला उभी असलेली एजंट बाई विचारते, पेपरातली जाहिरात पाहून आलात का? तो हो म्हणतो. जाहिरात आलेलीच नसते! गडबड न करता निघा, एवढंच ती सांगते. वकिलापुढे तो खुनांची कबुली देतो, तर वकील भलत्याच नावाने हाक मारून हसण्यावारी नेतो. खून घडले की त्याच्या डोक्यातच होते, हे एलिस शेवटपर्यंत उघड करत नाहीत. उंची सुटातल्या माणसाकडे कोणी नीट पाहतच नाही, हे मात्र लख्ख कळतं.

२०००मध्ये मेरी हॅरन यांनी यावर सिनेमा केला. बरीचशी हिंसा पडद्याबाहेर ठेवली, पुरुषांच्या मिजाशीची यथेच्छ टर उडवली. गोष्टीचं काही बिघडलं नाही. माझ्या मते सिनेमाच सरस.

कादंबरी वाचायचीच असेल तर वाचा. शाळकरी मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि सोसवणार नाहीत ती पानं बेलाशक उलटा.