पकडीचा धर्म

ब्रिटिश लेखनपद्धतीच्या इंग्रजींत दुर्गुण आणि लोहकाम करणाऱ्याच्या बाकावरील पकड ह्या दोहोंस एकच शब्द आहे, व तो अक्षरशः एकाच वर्णक्रमानें लिहिला जातो. अमेरिकन लोकांनीं एक अक्षर बदलून दोहोंची फारकत केली. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें ही फारकत न्याय्यच आहे. कारण दुर्गुणवाचक शब्द दोष ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला, आणि पकडीचा शब्द द्राक्षवेलीच्या नांवापासून. वेल जशी आधाराभोंवतीं वेढे घेत चढते तसे स्क्रूचे आटे दांड्याभोंवतीं फिरतात. म्हणून जुन्या फ्रेंचांत स्क्रूला वेलीचें नांव मिळालें, आणि स्क्रूवरून तें ह्या उपकरणाला. आमच्याकडे कारखान्यांत सर्रास व्हाइस असेंच म्हणतात, तेव्हां येथेंही तोच शब्द वापरतों. परंतु जुने व्हाइस विकत घेऊन, घासून, रंगवून फळ्यांवर मांडून ठेवण्याचा जो छंद अमेरिकेंत व इंग्लंडांत कित्येकांस जडला आहे, त्याकडे पाहिलें म्हणजे ब्रिटिशांचा वर्णक्रमच कदाचित् अधिक शहाणपणाचा असावा, अशी शंका मनांत येते.

छंद निरुपद्रवी आहे, त्यावर निबंध कशाला, असें कोणी म्हणेल. टपालाचीं तिकिटें जमविणारा कोणाच्या वाटेस जात नाहीं. शिक्का पडलेलें तिकीट दुसऱ्या कोणाच्या पत्रास लावतां येत नाहीं. चित्र तर पाहण्यासाठींच काढलेलें असतें. भिंतीवर टांगल्यानें त्याचें काम थांबत नाहीं, सुरू होतें. व्हाइसची गोष्ट निराळी आहे. शंभर वर्षांपूर्वींचा, न तडकलेला व्हाइस ज्या दिवशीं बाकाला बोल्टांनीं आवळावा त्या दिवशीं कामाला लागतो. त्याचें अंग बहुधा बिडाचें. बीड दाबाला दणकट, पण ओढीला व आघाताला ठिसूळ. जबड्यांना कठीण पोलादाच्या दातेरी पट्ट्या, मध्यें स्क्रू, आणि स्थिर अंगाच्या पोटांत दडलेला नट, एवढीच रचना. हींत झिजण्यासारखें थोडें, आणि जें झिजतें तें बदलतां येतें. हात हें उपकरणांचें उपकरण होय असें ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे. त्या न्यायानें व्हाइस हा कारागिराचा तिसरा हात. त्याला धार नाहीं, गति नाहीं. त्याचें सारें पुण्य न हलण्यांत आहे. कानस, करवत, हातोडा हीं सर्व ज्याच्या भरंवशावर चालतात असा हा मुकाट साथीदार. असें धडधाकट उपकरण कामावरून काढून शोभेला ठेवणें ह्यांत कांहीं अन्याय आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. आणि तो वाटतो तितका लहान नाहीं.

ह्या वस्तूंना मोह पडण्यासारखें रूप आहे, हें मात्र कबूल केलें पाहिजे. कनेक्टिकटमधील मेरिडन येथें चार्ल्स पार्कर ह्यानें १८३२ मध्यें कॉफी दळण्याच्या गिरण्यांपासून धंदा सुरू केला. पुढें त्याच नांवानें बंदुकाही निघाल्या आणि व्हाइसही. पेन्सिल्व्हेनियांतील ईरीचा रीड, क्लीव्हलँडचा कोलंबियन, शेफील्डचा निळ्या रंगाचा रेकॉर्ड, हे जाणत्याला बाह्यरेषेवरून ओळखूं येतात. लांकडी साचे करणाऱ्यांसाठीं एमर्टनें काढलेला १८९१ च्या पेटंटाचा व्हाइस तर एखाद्या मल्लाच्या मनगटासारखा हव्या त्या बाजूस वळतो व कलतो. शिकागोच्या विल्टन कंपनीनें (स्थापना १९४१) बंदुकीच्या गोळीसारख्या बंद अंगाचा नमुना काढला. त्यांत स्क्रू धूळ व कीस ह्यांपासून झांकलेला राहतो. सुरुवातीच्या विल्टनवर आंतल्या बाजूस एक तारीख ठोकलेली सांपडते, आणि नवखा संग्राहक तिला जन्मतारीख समजून हर्षभरित होतो. ती जन्मतारीख नव्हे. पांच वर्षांची हमी ज्या दिवशीं संपावयाची त्या दिवसाची ती नोंद आहे. हमी संपून सत्तर वर्षें उलटलीं तरी वस्तु जशीच्या तशी उभी आहे, असा दाखला किती कारखानदारांस देतां येईल?

जुन्याला नवें करण्याचा खरा अर्थ काय, हें समजण्यास सॅम्युएल स्माइल्स ह्यानें १८६३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या यंत्रकारांच्या चरित्रग्रंथांतील एक गोष्ट उपयोगी पडते. हेन्री मॉडस्ले हा १७७१ मध्यें जन्मला व वूलिचच्या शस्त्रागारांत वाढला. कुलपें करणारा जोसेफ ब्रामा ह्याच्या लंडनमधील कारखान्यांत तो ऐन अठराव्या वर्षीं काम मागावयास गेला. सात वर्षांची रीतसर उमेदवारी न केलेल्या पोराला तेथील मुरलेले कारागीर आपल्या पंक्तीस कसे घेणार? तेव्हां मॉडस्लेनेंच तोड काढली. तेथें एक झिजून निकामी झालेला व्हाइस पडला होता; हा आज सायंकाळीं सहाच्या आंत नव्यासारखा करून दाखविला तर मला कारागीर मानाल काय, असें त्यानें विचारलें. अंगरखा उतरवून तो कामास लागला. जबड्यांना पोलाद चढविलें, कानशीनें दाते पाडले, त्यांस पाणी दिलें, आणि सहाच्या आधींच तो व्हाइस शेजारच्या व्हाइसांहून सरस ठरला. पुढें आटे पाडण्याच्या लेथमुळें ज्याचें नांव झालें, आणि ज्याच्या कारखान्यांत नॅस्मिथ व व्हिटवर्थ तयार झाले, त्या पुरुषाची ही पहिली परीक्षा.

ह्या गोष्टींत त्या व्हाइसचा मूळ रंग कोणता होता हें कोणीं विचारलें नाहीं. तो कितव्या वर्षींचा, त्याच्यासारखे आणखी किती शिल्लक आहेत, हेंही नाहीं. सहा वाजतां तो धरतो कीं नाहीं, एवढीच कसोटी होती. आजच्या संग्राहकाची कसोटी पुष्कळदां उलट असते. तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत व्हाइस बुडवून विजेच्या मंद प्रवाहानें गंज उतरवितो. आणि हें करतांना दुसरें टोंक साध्या लोखंडाचेंच हवें, न गंजणाऱ्या पोलादाचें घेतल्यास पाण्यांत क्रोमियमचें विष उतरतें, एवढी माहिती त्यानें ठेवलीच पाहिजे. जुना रंग खरवडतांना उडणाऱ्या धुळींत शिसें असण्याचा संभव असतो. अमेरिकेंत घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली ती १९७८ मध्यें. छंदासाठीं घरांतील मुलांच्या अंगांत शिसें जाऊं देणें ह्यावर वाद करण्याचें कारण नाहीं. खरा वाद पुढेंच आहे. गंज गेला, रंग गेला, खालचें लोखंड उघडें पडलें. आतां त्यावरील हातोड्याच्या खोकांचें, चुकून लागलेल्या करवतीच्या चरांचें, ड्रिलच्या खळग्यांचें, आणि कोण्या कामगारानें ठोकून ठेवलेल्या आद्याक्षरांचें काय करावयाचें?

रस्किननें १८४९ मध्यें जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराला असत्याचा एक प्रकार ठरविलें. विल्यम मॉरिसनें १८७७ मध्यें तेंच मत घेऊन संस्था काढली. आमच्या भाषेंत मात्र जीर्णोद्धार हा शब्द पुण्यकर्माचा आहे. दोन संस्कृतींतील हा विरोध वरवरचा नाहीं. इमारतीचा दगडी पृष्ठभाग हीच ज्याला कलाकृति वाटते त्याला तो खरवडणें म्हणजे पाथरवटाचें हस्ताक्षर पुसणें होय. देवळाचें महत्त्व आंतील देवामुळें आहे असें जो समजतो त्याला भिंत बदलल्यानें कांहींच गमावल्यासारखें वाटत नाहीं. व्हाइसच्या बाबतींत आम्ही देवळाच्या पक्षाचे आहों, पण पुरते नाहीं. झिजलेले दाते पुनः पाडावेत, कारण पकड हा त्याचा आंतील देव आहे. परंतु जें धरण्याच्या आड येत नाहीं, नुसतें सांगत असतें, तें बुजविण्याचा अधिकार कोणीं दिला? त्या कामगाराचें नांव कोठल्याही ग्रंथांत नाहीं. त्याचीं दोन अक्षरें ह्या लोखंडावरच आहेत. (ड्रिलचा खळगा मात्र एखाद्या आळशी उमेदवाराचाही असेल. इतिहासांत आळशी लोकही येतात.) ह्याउलट, सारें अंग आरशासारखें घासून त्यावर मोटारीचा झगझगीत रंग चढविणारा मनुष्य व्हाइस जतन करीत नसून स्वतःची हौस जतन करीत असतो.

त्याहून कठीण प्रसंग असा कीं एकाचा जबडा व दुसऱ्याचें अंग जोडून एक पुरा व्हाइस केला जातो. थीसियसच्या जहाजाची कथा प्लुटार्कनें सांगितली. १६५५ मध्यें हॉब्सनें तींत भर घालून विचारलें कीं काढून टाकलेल्या जुन्या फळ्यांचें दुसरें जहाज बांधलें तर खरें कोणतें? तत्त्वज्ञानाच्या वर्गांत ह्या प्रश्नावर तास घालवितां येतो व त्यांत मौजही आहे. बाजारांत त्याचें उत्तर सोपें आहे: कोणतेंही खरें म्हणा, पण घेणाऱ्याला सांगा. सिसेरोनें नीतिविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत डायोजिनीस व अँटिपेटर ह्या दोन स्टोइकांचा वाद दिला आहे. घराचे दोष मालकासच ठाऊक आहेत. विकतांना त्यानें ते सांगावे काय? न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे, असें डायोजिनीसचें म्हणणें; अँटिपेटर म्हणतो, सांगितलेंच पाहिजे; आणि सिसेरो अँटिपेटरच्या बाजूनें कौल देतो. चीर पडलेल्या बिडाला पितळ वितळवून सांधणें ही लबाडी नव्हे, ती चांगली विद्या आहे. पण त्या सांध्यावर जाड रंगाचा थर देऊन मौन धरणारा विक्रेता नेमका डायोजिनीसचा शिष्य. फरक एवढाच कीं व्हाइस घेणारा कदाचित् त्यांत लोखंड आवळून सारें अंग झोकून ओढणार आहे. तो सांधा सुटला तर हात जाईल तो त्याचा.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ॲरिस्टॉटलनें राज्यनीतीच्या ग्रंथांत जोड्याचे दोन उपयोग सांगितले आहेत: घालणें आणि त्याच्या बदल्यांत दुसरें कांहीं मिळविणें. संग्राहक तिसरा सांगतो: ठेवणें. वाल्टर बेंजामिन ह्या जर्मन लेखकानें १९३५ च्या पॅरिसविषयक निबंधांत असें सुचविलें कीं संग्राहक वस्तूंना उपयोगी पडण्याच्या वेठींतून सोडवितो. हें वाक्य दिवाणखान्यांतील चिनी भांड्यास शोभेल. धरणें ही व्हाइसची वेठ नाहीं, तो त्याचा धर्म आहे. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारें धुऊन, गंधफूल वाहून एक दिवस स्वस्थ ठेवतात. दुसऱ्या दिवसापासून तीं पुनः कामावर. बारा महिने खंडेनवमी पाळणाऱ्या घराला भक्त म्हणावें कीं काय म्हणावें?

संग्राहकांचें उत्तर दुबळें नाहीं. आम्ही घेतले नसते तर हे भंगारांत वितळले असते, असें ते म्हणतात, आणि पुष्कळ अंशीं तें खरें आहे. १९४२ मध्यें युद्धासाठीं अमेरिकेंत घरोघर भंगार गोळा झालें तेव्हां जुन्या लोखंडाची गय कोण करणार होतें? हेन्री मर्सर ह्यानें १८९७ पासून पेन्सिल्व्हेनियांत जुन्या धंद्यांचीं हत्यारें जमवावयास आरंभ केला, तेव्हां लोकांच्या दृष्टीनें तो अडगळच जमवीत होता. १९१६ मध्यें डॉयल्सटाउन येथें उभारलेलें त्याचें काँक्रीटचें संग्रहालय आज पाहणारा त्याचे उपकारच मानील. परंतु मर्सरनें जमविलेलीं हत्यारें बहुतेक अशा धंद्यांचीं होतीं कीं ते धंदेच यंत्रांनीं बुडविले होते. कानस आणि व्हाइस ह्यांचा धंदा बुडालेला नाहीं. बुडत्याला वांचविणें निराळें, आणि वांचविलें म्हणून त्याला जन्मभर घरांत कोंडून ठेवणें निराळें. शिवाय भंगाराच्या भावाची वस्तु एकदां शोभेच्या भावानें जाऊं लागली म्हणजे जो मुलगा आपलें लहानसें दुकान थाटूं पाहतो त्याला ती मिळेनाशी होते. त्याच्या वांट्याला पातळ ओतकामाचा स्वस्त माल उरतो.

तथापि उपयोगाचाही एक अत्याचार असतो, हें विसरूं नये. दांडीला लांब नळी घालून जोर करणारा एकच अडाणी हात शंभर वर्षांचें बीड एका दुपारीं फोडतो. म्हणून एमर्टसारखा दुर्मिळ नमुना कोणीं काम न देतां राखला तर त्यास दोष देववत नाहीं. तो पाहून पुढच्याला शिकतां येईल. एका जातीचा एक ठेवावा, हें समजतें. त्याच जातीचा तिसावा कशासाठीं?

राखणाऱ्यानें मग नीट तरी राखावें. थंड लोखंडावर दमट व ऊबदार हवा आली कीं त्यास घाम सुटतो, आणि गंजाची सुरुवात तेथेंच; मुंबईच्या पावसाळ्यांत हें सांगावें लागत नाहीं. तेलाचा पातळ हात किंवा ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेंत तयार झालेल्या मेणासारखें मेण लावावें, जबडे किंचित् उघडे ठेवावेत, जड नमुने खालच्या फळीवर असावेत. संग्राहक जातो आणि वारसांना हें सर्व म्हणजे केवळ वजन वाटतें. तेव्हां कोणता जबडा मूळचा, कोणता बदललेला, चीर कोठें सांधली, हें पत्र्याच्या तुकड्यावर ठोकून प्रत्येकाच्या दांडीला बांधलेलें असावें. आणि एका जातीचे जे तीस आहेत त्यांतले एकोणतीस कोणाच्या तरी बाकावर जाऊं द्यावेत. तेथें ते लवकर गंजणारही नाहींत. ज्या लोखंडाला रोज तेलकट हात लागतो त्यावर गंज सहसा चढत नाहीं.