रिकामी बाटली

माझा भाचा सात वर्षांचा आहे, दुसरीत. गेल्या महिन्यात त्याची गणिताची युनिट टेस्ट होती. ताई लवकर ऑफिसला गेलेली, मी त्यांच्याकडे राहायला आलेलो. खाली व्हॅन हॉर्न वाजवत होती आणि हा पठ्ठ्या दारात बूट घालून रडत उभा. "मामा, मम्मी तेल लावायला विसरली. आता माझं डोकं चालणारच नाही."

तेल म्हणजे लॅव्हेंडर आणि वाळ्याच्या अर्काचा एक रोल-ऑन. 'मुलांच्या एकाग्रतेसाठी आणि शांततेसाठी' असं त्यावर लिहिलेलं. पालकसभेत बाईंनी "लक्ष नसतं, सारखी चुळबुळ" असं सांगितलं, त्यानंतर ताईने तो मागवला होता. मला बाटली सापडली, पण ती रिकामी होती. मी तशीच त्याच्या मनगटांवर फिरवली आणि म्हणालो, "झालं. पळ."

तो डोळे पुसून पळाला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "सगळं आलं. तेल लावलं होतं ना!"

तेव्हापासून मला प्रश्न पडलाय, की मी केलं ते बरोबर होतं का?

आधी तेलाची बाजू नीट मांडतो, कारण माझ्यासारख्या इंजिनियर लोकांना सगळं थोतांड ठरवायची घाई असते. वास ही गंमतीची गोष्ट आहे. डोळ्यांकडून, कानांकडून येणारे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या जंक्शनवर थांबतात. वासाचा संदेश तिथे न थांबता भावना आणि आठवणींच्या भागांपर्यंत पोचतो. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचं द्रव्य असतं. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की त्याच्या नुसत्या वासाने उंदरांची भीती कमी होते आणि वास न येणाऱ्या उंदरांवर तो परिणाम होत नाही. म्हणजे वासात काहीतरी आहे.

पण घाबरलेला उंदीर थोडा सैलावणं आणि सात वर्षांच्या मुलाने वजाबाकीत लक्ष देणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर पार केल्याचा भक्कम पुरावा मला सापडलेला नाही.

"पण फरक पडतो, मी रोज बघते," असं ताई म्हणते. ती खोटं बोलत नाही. अडचण अशी, की मोजणारी तीच आणि आशा लावून बसलेलीही तीच. १९९४ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. 'साखर खाल्ली की आमचा मुलगा उधळतो' असं मानणाऱ्या आयांपैकी काहींना सांगितलं, की मुलाला आत्ता भरपूर साखर दिली आहे. खरं तर कुणालाच साखर दिली नव्हती. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. इतकंच नाही, त्या स्वतः वेगळ्या वागल्या. मुलांच्या जास्त जवळ राहून त्यांना ताब्यात ठेवू लागल्या.

हेच उलट्या दिशेनेही होत असणार. तेल लावताना ताई पाच मिनिटं फोन बाजूला ठेवते, त्याचे हात हातात घेते, हळू बोलते. तेल लावलंय म्हणून दिवसभर जरा कमी ओरडते. घर शांत होतं. मग कोण शांत झालं, मुलगा की आई?

"कुणीही होवो, फायदा झाला ना?" असं तुम्ही म्हणाल. मीही बराच काळ हेच म्हणत होतो. अशा तेलाने शरीराला अपाय होऊ नये याची काळजी घेता येते. ते पातळ करून लावावं, मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नये. चमचाभर निलगिरी तेल पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि कापूरही तितकाच धोक्याचा. एवढं पाळलं तर बाकी काय बिघडतं?

इथे मला आमची आजी आठवते. आम्ही किरकिर केली की ती मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची. पुरावा त्यालाही नव्हता. पण त्यातलं म्हणणं असं होतं, की पोर चांगलंच आहे, बाहेरच्या कुणाची तरी नजर लागली. दोष बाहेरचा, तो काढून टाकला की पोर पुन्हा अख्खं. रोल-ऑनचं म्हणणं नेमकं उलटं आहे. दोष तुझ्या आत आहे आणि उपाय बाटलीत. 'माझं डोकं चालणारच नाही' हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रोज सकाळी लावलेल्या तेलातून ते त्याने स्वतःच काढलं.

मीही कॉफीशिवाय कोड लिहीत नाही. पण कॉफी मी निवडली, आणि तोवर मला माझी बरीच ओळख झालेली होती. सात वर्षांचं मूल 'मी कोण' याचं उत्तर आपल्या वागण्यातून गोळा करत असतं. त्याच्या हातून जमलेली गोष्ट बाटलीच्या खात्यात टाकायचा हक्क आपल्याला आहे का? मला वाटतं, नाही. आणि त्या सकाळी मी तेच केलं होतं.

म्हणून परवा त्याला सांगून टाकलं, "त्या दिवशी बाटली रिकामी होती. गणितं तू सोडवलीस." मला वाटलं, खूश होईल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू खोटं बोललास."

"हो," मी म्हणालो.

ताई माझ्यावर चिडली. चाललेलं कशाला मोडलंस, म्हणाली. तिच्या रागातही तथ्य आहे. रोज सकाळची लढाई तिची आहे, मी महिन्यातून एकदा येतो. रोल-ऑन अजून येतो, पण तो लावताना ती आता "डोकं चालायला" म्हणत नाही, "छान वास येतो म्हणून" म्हणते. पाच मिनिटं तेवढीच आहेत. पुढच्या टेस्टला तो काय करेल, मला माहीत नाही.