काळजी घेणे, काळजी वाटणे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात आई खुर्चीवर बसली होती आणि तिच्यासमोर टेबलावर, औषधांच्या खोक्याला टेकवून, पाटीएवढा एक टॅब उभा केला होता. थोडी खरखर झाली, चित्र दोनदा जागच्या जागी थिजले, आणि मग एका तरुण डॉक्टरीणबाईंचा चेहरा त्यावर उमटला. त्याबरोबर आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, हात जोडले आणि म्हणाली, "या, बसा."

खोलीतली सगळी माणसे हसली. मीही हसलो. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनीही तिकडून हात जोडले आणि विचारले, "आजी, कसं वाटतं?"

"बरं आहे," आई म्हणाली. घरी आलेल्या पाहुण्याला आपण दुसरे काय सांगतो?

"दम लागतो का?"

"वयाप्रमाणे लागायचाच."

"रात्री झोपताना उशा किती लागतात?"

"एक."

आईच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजला. आकडा आला 96. आकडा चांगला होता. बाई पुढच्या प्रश्नाकडे वळणार, एवढ्यात दाराशी उभी असलेली आमच्या वाडीची आशाताई पुढे झाली आणि म्हणाली, "मॅडम, आजी खरं सांगत नाहीत. त्या रात्री आडव्या होतच नाहीत. खिडकीशी भिंतीला टेकून बसलेल्या असतात. मी पहाटे पाण्याला जाते तेव्हा रोज बघते."

बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ताई, त्यांच्या नडगीवर अंगठा दाबा बघू. जरा जोरात. आता काढा." आशाताईने अंगठा काढला. तिथे खळगा पडला होता आणि तो काही केल्या लवकर भरून येईना. टॅब उचलून तिने तो खळगा बाईंना दाखवला. तिकडे साठ किलोमीटरांवर त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मला इकडे दिसली. "उद्याच जिल्ह्याच्या गावी न्या," त्या मला म्हणाल्या. "आडवं झाल्यावर दम कोंडतो आणि पायावर सूज आहे. हे वयाचं नाही, हृदयाचं दुखणं असावं."

तसेच निघाले. हृदयाचे काम मंदावले होते आणि अंगात पाणी साठत होते. गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली, आणि आता आई दोन उशांवर का होईना, पण आडवी होऊन झोपते.

गोष्ट इथे संपली असती तर ती यंत्राच्या गुणगानाची गोष्ट झाली असती. पण मला त्यानंतर कित्येक दिवस झोप आली नाही. मी त्याच घरात राहतो. शाळेतून आल्यावर जेवण उरकले की माडीवर जातो आणि मध्यरात्रीपर्यंत कादंबरी लिहीत बसतो. खाली, बरोबर माझ्या पायांखाली, आई भिंतीला टेकून रात्री काढीत होती. कल्पनेतल्या माणसांची सुखदुःखे मी कागदावर टिपून घेत होतो आणि तेरा पायऱ्यांखालचे एक दुःख मला ठाऊक नव्हते. ते साठ किलोमीटरांवरच्या बाईंना कळले. मग दूर कोण होते आणि जवळ कोण होते?

हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला, आणि सणाच्या दिवसांत वाचकांपुढे तोच मांडावासा वाटतो.

टॅब आणि मोबाइल यांच्याविषयी माझ्यासारख्या माणसाची तक्रार ठरलेली असते. पूर्वीचा डॉक्टर हात हातात घेई, आता तो पडद्यात बघतो. माणसामाणसांच्या मध्ये ही काच आली. तक्रार खोटी नाही. पण ती जुनी आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. 1816 साली पॅरिसच्या एका रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरांकडे हृदयाची तक्रार घेऊन एक तरुण स्त्री आली. त्या काळी डॉक्टर रोग्याच्या छातीला कान लावून ऐकत. परस्त्रीच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. कान लावूनही जेवढे स्पष्ट ऐकू येत नसे, तेवढे त्या सुरळीतून आले. पुढे सुरळीची लाकडी नळी झाली आणि नळीचा आजचा स्टेथोस्कोप झाला. तेव्हा डॉक्टर आणि रोगी यांच्या मध्ये पहिली वस्तू आली ती संकोचापोटी, अंतर राखण्यासाठी आली. आणि तिने हृदय अधिक जवळ आणले. आज आपण त्याच स्टेथोस्कोपला मायेची खूण मानतो. उद्या आपली नातवंडे टॅबलाही तसेच मानणार नाहीत, हे कोणी सांगावे?

तरी मनाची समजूत पटत नव्हती. कारण जुन्या काळच्या हाताविषयी मला एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती मी आजवर लिहिलेली नाही.

1988 च्या थंडीत माझी धाकटी बहीण गेली. ती अकरा महिन्यांची होती. गावात एक वृद्ध वैद्य होते; पैशाला न शिवणारे, कोणाच्याही हाकेला अर्ध्या रात्री कंदील घेऊन येणारे. त्यांनी तिचा हात हातात धरला, छातीला गरम लेप लावला, सर्दी आहे म्हणाले, आणि घरी न जाता रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिले. तिचे पोट भात्यासारखे खालीवर होत होते, ते मला अजून दिसते. पहाटे ती गेली तेव्हा माझ्या वडिलांच्या आधी ते वैद्य रडले. त्यांच्याइतके जवळ कोण बसणार होते? त्यांच्याइतका जीव कोण टाकणार होता? पण तिला न्यूमोनिया झाला होता, आणि ते त्यांना ओळखता आले नाही.

त्याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य याच दुखण्यामागे लागले होते. डॉक्टर पोचू शकत नाही अशा खेड्यांत न्यूमोनिया ओळखायचा कोणी? त्यांनी ते काम गावातल्याच माणसांना शिकवले. न्यूमोनिया झालेले मूल भराभर श्वास घेते. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून अधिक झाले की धोका समजायचा. पण ज्या सुइणींना आकडेच येत नव्हते त्यांनी पन्नास मोजायचे कसे? त्यांच्यासाठी बंगांनी मण्यांची एक पाटी केली आणि तिला एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबड्या मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. दहापर्यंत मोजता आले की पुरे. या कामाने बालमृत्यू घटले, आणि 1990 मध्ये त्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

आमच्या वैद्यांच्या हातात माया होती, मणी नव्हते. ते वाचले तेव्हा मी शाळेच्या वाचनालयात एकटाच बसलो होतो, आणि बरे झाले एकटा होतो.

आजचा मोबाइल म्हणजे तरी काय? त्या मण्यांच्या पाटीचीच ती पुढची पिढी आहे. ज्याच्याजवळ ज्ञान आहे तो दूर असतो आणि ज्याच्याजवळ रोगी आहे त्याच्यापाशी ज्ञान नसते; त्या दोघांची गाठ घालून द्यायची. 2019 मध्ये सरकारने ‘ई-संजीवनी’ ही सेवा सुरू केली आणि 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यावरून 10 कोटी वेळा सल्ला दिला गेला. त्यांतल्या कितीतरी वेळी खेड्यातल्या एखाद्या म्हातारीचा बुडणारा दिवस आणि एसटीचे भाडे वाचले असेल. या गोष्टीला नाक मुरडण्याचा अधिकार शहरात दवाखान्याशेजारी राहणाऱ्यांना असेल, मला नाही.

मग माझे समाधान का होत नाही? उत्तर मला मराठी भाषेनेच दिले. आपल्याकडे ‘काळजी’ हा एकच शब्द दोन कामे करतो. आपण काळजी घेतो, आणि आपल्याला काळजी वाटते. घेणे ही कृती आहे. ती शिकवता येते, वाटून देता येते, यंत्रावर सोपवता येते. वाटणे हे कोणावर सोपवता येत नाही. माझ्या बहिणीच्या उशाशी वाटणारी काळजी उदंड होती, घेण्याची विद्या नव्हती. आणि पुढच्या काळात मला भय वाटते ते याच्या उलटे होण्याचे: घेतली तर सगळी जाईल, वाटणार कोणालाच नाही.

हे भय अगदीच हवेतले नाही. 2020 च्या महामारीत प्राणवायू मोजणारा तो चिमटा घरोघरी आला आणि आपण आकड्यावर देवासारखा विश्वास ठेवू लागलो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की कृष्णवर्णी रोग्यांच्या बाबतीत तो चिमटा प्राणवायू खऱ्यापेक्षा जास्त असल्याचे अधिक वेळा दाखवतो. यंत्राच्या मनात काही काळेबेरे नव्हते. ते बनवणाऱ्यांना सावळी कातडी पुरेशी आठवली नव्हती, एवढेच. जे आपल्याला आठवत नाही ते आपल्या यंत्रालाही आठवत नाही. आईचा 96 हा आकडा खरा होता. पण तो आई बसून असतानाचा होता, दिवसाचा होता. रात्रीची हकीकत त्याला कोणी विचारली नव्हती.

रात्रीची हकीकत आशाताईला ठाऊक होती, कारण ती रोज पहाटे त्या खिडकीवरून जात होती. तिला मी त्या दिवशी म्हटले, "ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं." तर ती म्हणाली, "गुरुजी, आता तेवढंही होत नाही. घरोघर जायचं, मोबाइलवर माहिती भरायची, रेंज नसली की टेकडीवर जाऊन पाठवायची. नजर खालीच असते. समोरच्या बाईचं तोंड बघायचं राहून जातं." तिच्या मोबाइलवरच्या तक्त्यात वय आहे, वजन आहे, रक्तदाब आहे. ‘खिडकीशी बसून असते’ हे लिहायला त्यात रकाना नाही. शिवाय या बायांच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो. जे रकान्यात भरले त्याचा हिशेब होतो. जे नजरेने टिपले त्याचा कोणत्या वहीत होतो?

तेव्हा नीतीचा प्रश्न मला असा दिसतो. यंत्र आणावे की न आणावे, हा वाद आता संपला आहे, आणि एका बहिणीचा भाऊ म्हणून मी ‘आणावे’ याच बाजूचा आहे. प्रश्न आहे तो यंत्राने वाचवलेल्या वेळाचे आपण काय करतो, हा. ज्या कामाला पूर्वी तास लागे ते दहा मिनिटांत झाले, तर उरलेली पन्नास मिनिटे रोग्याच्या वाट्याला येतात की आणखी पाच रोग्यांचे रकाने भरण्यात जातात? बाईंनी आईला हात जोडले त्याला दोन क्षण लागले. कोणत्याही हिशेबात ते वायाच गेले म्हणायचे. पण मला वाटते, त्या नमस्कारामुळेच आईने पुढे नडगी उघडी करू दिली. परक्यापुढे पायावरचे लुगडे वर न करणारी बाई ती.

आणि हा प्रश्न डॉक्टरांना आणि सरकारला विचारून मी मोकळा होऊ शकत नाही. आईच्या आणि माझ्या मध्ये कसलीही काच नव्हती. फक्त तेरा पायऱ्या होत्या, आणि माझी कादंबरी.

आता माझ्या मोबाइलवर रात्री नऊला घंटा वाजते. आईच्या गोळीची वेळ. पहिले काही दिवस मी माडीवरूनच ओरडत असे, "आई, गोळी!" आणि खालून "घेतली रे" असे उत्तर येई. एकदा सहज खाली उतरलो तर गोळी तशीच वाटीत होती आणि आई अंधारात बसून होती. "घेतली म्हणालीस ना?" "तू लिहीत होतास. म्हटलं, कशाला उठवायचं." त्या दिवसापासून घंटा झाली की मी जिना उतरतो. घंटा वाजवण्याचे काम मोबाइल न चुकता करतो. त्यात तो माझ्याहून पुष्कळ बरा आहे.

दिवाळी आली. धनत्रयोदशीला आमच्याकडे धन्वंतरीपुढे धणे-गुळाचा नैवेद्य असतो, आणि तिन्हीसांजा आई दक्षिणेकडे ज्योत करून यमासाठी दिवा लावते. यंदा वाकायला तिला त्रास होईल म्हणून तो मी लावतो म्हणालो. आई म्हणाली, "लाव. पण आशाला फराळाचा डबा आधी देऊन ये. आणि त्या पडद्यातल्या मुलीचा पत्ता मिळतो का बघ. तिला चार करंज्या पाठवायच्या आहेत."

पत्ता मी शोधतो आहे.