न पटणाऱ्याची वकिली

आपल्या मताच्या माणसाचे स्वातंत्र्य सर्वांनाच प्रिय असते. कसोटी लागते ती मत न पटणाऱ्याच्या वेळी. १९७७ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या स्कोकी गावी नाझीवाद्यांच्या एका गटाने निदर्शने करण्याचे ठरविले. नाझी छळातून वाचलेले अनेक ज्यू तेथे राहत होते. गावाने बंदी घातली, तेव्हा अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही संस्था त्या गटाच्या वतीने न्यायालयात उभी राहिली. तिचे वकील डेव्हिड गोल्डबर्गर स्वतः ज्यू होते. हजारो सभासद सोडून गेले. संस्थेने खटला सोडला नाही आणि तो जिंकला.

१९९९ साली स्थापन झालेली ‘फायर’ ही संस्था विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठी व प्राध्यापकांसाठी अशीच झटू लागली. २०२२ पासून तिने हे कार्य विद्यापीठांबाहेरही नेले आहे.

शब्दांनीही जखमा होतात, हे आम्ही विसरत नाही. तरीही इतरांचे तोंड बंद करण्याची सत्ता एकदा कोणाच्या हाती दिली, की उद्या ती आपल्यावरच उलटणार नाही, याची हमी कोण देणार?

स्कोकीत ती निदर्शने अखेर झालीच नाहीत. मात्र तिथल्या वाचलेल्यांनी आपले मौन सोडले. १९८१ साली त्यांनी स्मारक-प्रतिष्ठान स्थापिले, २००९ साली त्याच गावी भव्य संग्रहालय उभे राहिले. असत्याला बंदीपेक्षा साक्ष अधिक काळ पुरून उरते, असे आम्हांस वाटते. ती साक्ष देण्याचे धैर्य आपल्यापाशी आहे काय?