वाटेवरचे ऋण

वारीला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मनात एक हिशेब अपुरा राहिलेला असतो. घरचे देणे ठाऊक असते, दुकानदाराचे वहीत असते, सोयऱ्याधायऱ्यांचे लग्नकार्यात फिटते. परंतु ज्याने वाटेत तांब्याभर पाणी दिले, रात्रीपुरती ओसरी दिली, गाडीत बसवून दोन कोस पुढे सोडले आणि ज्याचे नावगाव आपण विचारलेही नाही, त्याचे देणे फेडायचे कोठे? तो माणूस पुन्हा भेटत नाही. भेटला तरी ओळखू येत नाही. मग हे ऋण बुडीत धरायचे की काय?

देणाऱ्याविषयी शास्त्राने पुष्कळ सांगितले आहे. गीतेच्या 17व्या अध्यायात दानाचे तीन प्रकार येतात. त्यांत सात्त्विक दान ते, जे देणे आपले कर्तव्य आहे अशा बुद्धीने, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही अशाला दिले जाते. वाटसरूला दिलेला घास या कसोटीला तंतोतंत उतरतो. उद्या सकाळी तो निघून जाणार. त्याच्यापासून मिळायचे काय? देणाऱ्याचे काम असे सोपे झाले. पण घेणाऱ्याने काय करावे? या प्रश्नाने आम्हाला आयुष्यभर छळले आहे. तो उभा कसा राहिला ते आधी सांगतो.

1973 सालची चैत्री वारी. दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला होता आणि लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. आम्ही त्या वेळी विशीबाविशीचे. आमच्या गावचे एक वृद्ध माळकरी होते, त्यांना आम्ही आजोबा म्हणत असू. त्यांच्या सोबतीला म्हणून आम्ही गेलो होतो. एकादशी झाली, द्वादशीचे पारणे सुटले आणि निघण्याच्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटातल्या गर्दीत आमच्या कमरेची पिशवी गेली. एस.टी.चे भाडे त्यातच होते. आजोबा म्हणाले, "गेलं ते गेलं. पाय तर हाइत न्हवं?" आणि आम्ही दोघे सांगोल्याच्या रस्त्याने चालू लागलो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंढरीला जाताना वारकऱ्याचे कौतुक होते. दिंडी असते, पताका असते, टाळमृदंगाचा गजर असतो. गावोगावचे लोक वाट पाहत उभे असतात. परतीच्या वाटेवर यातले काही नसते. तेव्हा आपण धुळीने माखलेले, थकलेले दोन वाटसरू. जाताना जो पंक्तीला बसवितो तो पांडुरंगाकडे पाहून बसवितो. येताना जो थांबतो तो केवळ माणसाकडे पाहून थांबतो.

दुसऱ्या दिवशी सांगोला मागे टाकून जतच्या रोखाने निघालो. ऊन असे की डांबर पायाला चिकटत होते. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चालले होते. दुपारची सुट्टी झाली होती. एका बाईने आम्हाला पाहिले आणि हाक मारली, "ओ माउली, पानी पिऊन जावा." माठ तिचाच होता आणि त्यात पाणी तळाशी गेलेले होते. पाणी प्यालो. तिने फडके सोडले. आत मिलोच्या दोन भाकरी होत्या. परदेशातून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांना तिची चव सांगायला नको. एक भाकरी मोडून तिने वर ठेचा ठेवला आणि आमच्यापुढे धरली.

आम्ही "नको" म्हणालो. उपाशी बाईच्या तोंडचा घास कसा घ्यायचा? पण आजोबांनी दोन्ही हात पुढे केले, भाकरी घेतली, मस्तकाला लावली आणि अर्धी आमच्या हातावर ठेवली. मग ते जेवायच्या आधी बाभळीखाली गेले. तेथे तिचे लेकरू झोळीत किरकिरत होते. ती जेवेपर्यंत आजोबा झोळीला झोका देत उभे राहिले.

पुढे गेल्यावर ते आम्हाला रागे भरले. "तू न्हाई म्हनालास, ते तिच्यावर दया म्हनून का तुझा मान राहावा म्हनून?" आम्ही गप्प. "अरे, ती बाई रोज हाजरीच्या वहीपुढं उभी ऱ्हाती, रेशनाच्या दुकानापुढं उभी ऱ्हाती. समद्यांकडनं घेतीया. आज तिला कुनीतरी तिच्याकडनं घेनारा भेटला. तेवढं बी तिला द्यायचं न्हाई व्हय?"

वाचकहो, दान देताना अहंकार होतो हे कीर्तनात पुष्कळदा ऐकले होते. घ्यायला नकार देण्यातही अहंकार असू शकतो, हे आम्हाला त्या उन्हात कळले. "मला कोणाचे काही लागत नाही" असे म्हणणारा स्वतःला निर्मळ समजतो. वास्तविक तो समोरच्या माणसाला हीन करीत असतो.

तिसरा प्रहर झाला आणि आजोबांना चक्कर आली. आम्ही त्यांना रस्त्याच्या कडेला बसवून हात वर करून उभे राहिलो. दोन गाड्या तशाच गेल्या. तिसरा एक ट्रक, धान्याची पोती भरलेला, पुढे जाऊन थांबला आणि मागे आला. ड्रायव्हरने उतरून आजोबांना खांद्याला धरून आपल्या शेजारी बसविले. आम्ही पोत्यांवर चढलो. जतच्या अलीकडे आमच्या गावचा फाटा आला तेथे त्याने उतरविले. आम्ही पिशवी गेल्याची हकिकत सांगून म्हणालो, "पत्ता द्या, पैसे मनिऑर्डरीने पाठवितो." तो हसला. "पैशाचं काय काढलंय? या रस्त्यानं म्हैन्यातनं चारदा जातोय. लांबनं कळस दिसतो, पर गाडी लावून आत जायाला कधी सवड न्हाई. तुम्ही देवाला माझा नमस्कार सांगितला असता तर बरं झालं असतं."

आजोबा म्हणाले, "आता तर माघारी आलो, लेकरा."

"मग फुडच्या वारीला सांगा." इतके बोलून तो गेला. धुरळा बसेपर्यंत आम्हाला सुचलेच नाही की नाव विचारावे.

आषाढीला आजोबांनी नामदेव पायरीशी डोके टेकले आणि मोठ्याने म्हणाले, "पांडुरंगा, त्या ट्रकवाल्याचा नमस्कार." आम्ही दबकत विचारले, "आजोबा, नाव नाही, गाव नाही, देवाला कसे कळणार?" ते म्हणाले, "नाव आपल्याला लागतं रे. त्याला कशाला?" आजोबा गेले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. तो नमस्कार आम्ही आजपर्यंत दर वारीला पोहोचवितो. पण एवढ्याने ऋण फिटले असे आमच्याने म्हणवत नाही आणि त्याला कारण आहे.

1996 साली कार्तिकी करून आम्ही भाड्याच्या जीपने घरी परतत होतो. सोबत बायामाणसे, लहान मुले. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या कडेला एक माणूस दिसला. त्याने हात वर केला होता. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिले. त्या दिवसांत वाटमारीच्या गोष्टी कानावर येत असत. आम्ही म्हणालो, "चला." जीप पुढे गेली. मागे कोणी बसलेले होते की नव्हते, हेही नीट पाहिले नाही.

त्या माणसाचे काय झाले ते आम्हाला कधीच कळले नाही. कदाचित मागून दुसरी गाडी आली असेल. कदाचित तो खरोखरच चोर असेल. परंतु 1973 साली आम्हीही तसाच हात वर करून उभे होतो आणि दोन गाड्या गेल्या होत्या. त्या दोन गाड्यांना आम्ही मनातून बोल लावला होता. तेवीस वर्षांनी आम्ही स्वतः त्या गाडीत बसलो होतो.

येथे कोणी शंका घेईल की, बायकामुले सोबत असता मध्यरात्री अनोळख्यासाठी गाडी न थांबविणे हा दोष कसा? शंका रास्त आहे. सावधपणा हा दोष नव्हे. गृहस्थाने आपल्या आश्रितांना जपलेच पाहिजे. मग चूक कोठे झाली? चूक पुढे झाली. पाच-सहा किलोमीटरवर गाव होते, पारावर दिवा होता, चार माणसे जागी होती. तेथे थांबून "मागे कोणी अडचणीत आहे, बघा" एवढे सांगता आले असते. तसे करायला भीती आड येत नव्हती; आम्हाला लवकर घरी पोहोचायचे होते, इतकेच. भीतीने माणूस थांबत नाही हे क्षम्य आहे. पण भीती सरल्यावरही जो विसरतो, तिथे सावधपणा संपून बेपर्वाई सुरू होते. या दोहोंतली सीमा आम्ही त्या रात्री ओलांडली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना माहीत आहेत. शतपथ ब्राह्मणात याखेरीज चौथे मनुष्यऋण सांगितले आहे आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणजे माणसांना आसरा आणि अन्न देणे. ज्याने दिले त्यालाच परत करा असे तेथे म्हटलेले नाही. जन्माला आलो तेव्हाच आपण माणसांचे देणेकरी झालो. समोर जो माणूस येईल तो वसुलीला आला असे समजावे. नाथमहाराजांची कथा याच अर्थाची आहे. काशीची कावड रामेश्वराला अर्पण करायची, पण वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि ते पाणी त्याच्या मुखात गेले. नाथांनी पाणी दुसऱ्याला दिले असे आपल्याला वाटते. त्यांना मात्र ते रामेश्वरालाच पोहोचले असे वाटले. वारकरी भेटेल त्याला माउली म्हणतो आणि त्याच्या पाया पडतो, तो रिवाज याच समजुतीवर उभा आहे. ती समजूत दिंडीबाहेर, अंधारात, रस्त्याच्या कडेला टिकते की नाही, एवढीच परीक्षा आहे.

आज रस्ते बदलले आहेत. 2021 साली पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. गाड्यांचा वेग वाढला आणि वेगात कडेच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पण साधनेही वाढली आहेत. खिशात फोन आहे. स्वतः थांबण्याची हिंमत नसेल तर 108 वर रुग्णवाहिका बोलाविता येते. अपघातग्रस्ताला उचलले तर पोलिसांचे झेंगट मागे लागेल ही भीती पूर्वी फार होती. मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीचे नियम सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मान्य केले आणि 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने 134-अ हे कलमही आले. म्हणजे आमच्याजवळ 1996 साली जी सबब होती, तीही आता उरली नाही.

वाटेवरचे ऋण फिटत नाही, असा आमचा निर्वाळा आहे. ते फिटावे अशी इच्छाही धरू नये, कारण फिटले की माणूस मोकळा होतो आणि मोकळा झालेला माणूस गाडी थांबवीत नाही. देणेकरी राहावे. कोणी प्रेमाने दिले तर आजोबांसारखे दोन्ही हात पुढे करावेत. कोणी हात वर केला तर जमेल ते करावे, नच जमले तर पुढच्या गावात सांगावे.

येत्या वारीला आम्ही नामदेव पायरीशी दोन निरोप सांगणार आहोत. एक त्या ट्रकवाल्याचा नमस्कार. दुसरा त्या अंधारातल्या माणसाचा. त्याचा निरोप काय होता ते ऐकायला आम्ही थांबलो नाही, म्हणून तेवढेच सांगू.

राम कृष्ण हरि.