कळपाविना राखणदार

बंगळूरच्या जे. पी. नगरात घरांची दाटी आहे. तेथे मेंढरांचे कळप नाहीत. कळप वळवण्याचे शिक्षण घेतलेला बॉर्डर कॉली कुत्रा तेथील एखाद्या घरी असेल, तर त्याने करावे काय? वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक मानू नका. ज्याला आपण काम शिकवले, त्याला काम देण्याचे ऋण आपल्यावर राहते काय?

ईयोबाच्या ग्रंथातील तिसाव्या अध्यायात कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख येतो, पण तुच्छतेने. त्यांचे गुण मात्र थोर आहेत. २०१७ साली चिली देशात वणव्याने अरण्ये जळाली, तेव्हा याच जातीच्या एका मायलेकींच्या त्रिकुटाने पाठीवरच्या पिशव्यांतून धावता धावता बी विखुरले. काम बदलले, धावण्याची ओढ तीच राहिली.

म्हणून सेवा नेमण्यापूर्वी स्वभाव ओळखावा. धावत्या मुलांना जो घेरू पाहतो, त्याला शाळेत नेऊ नये. हरवलेल्यांच्या शोधाचे शिक्षण द्यावे. जो शांत आहे, तो वृद्धाश्रमात एखाद्या एकाकी जिवाजवळ बसेल. परंतु सेवा केवळ आपल्या नावलौकिकासाठी असेल, तर ती त्या मुक्या प्राण्यावर लादलेले ओझेच होय. तो थकून निरुपयोगी झाल्यावरही जो त्याला प्रेमाने भाकर घालील, त्यालाच आज त्याच्याकडून काम घेण्याचा अधिकार आहे.